आठच मुलं का? समूहगान स्पर्धेच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
संयोजन समिती, आंतरशालेय समूहगान स्पर्धा,
तसेच आपल्या भागातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या स्पर्धेचं नियमपत्रक वाचलं आणि गप्प बसणं जमेना, म्हणून हे पत्र. पत्रकातले तीन नियम इथे मुद्दाम लिहिते, म्हणजे पालकांनाही कळेल की मी कशाबद्दल बोलते आहे. एका शाळेच्या संघात जास्तीत जास्त आठ गायक. साथ फक्त ध्वनिमुद्रित ट्रॅकची, वाद्यं आणि वादक आणू नयेत. आणि शंभरपैकी वीस गुण वेशभूषा व सादरीकरणाला. मी फोन करून कारण विचारलं. ‘सगळ्यांच्या सोयीसाठी’ असं उत्तर मिळालं. त्या ‘सगळ्यांमध्ये’ गाणारी मुलं कुठे बसतात, हे मला कळलेलं नाही.

मी कृष्णाकाठच्या एका हायस्कूलमध्ये मानधनावर गाणं शिकवते. संध्याकाळी गावातल्या मोठ्या माणसांचा एक गायनवृंद चालवते. दोन्हीकडे मिळून जे दिसतं, ऐकू येतं, त्यावरून लिहिते आहे. कुणाच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. स्पर्धा भरवणं किती दगदगीचं असतं ते मी मांडव घालण्यापासून पाहिलेलं आहे. पण या नियमांनी जे होणार आहे ते चुकीचं आहे, आणि ते स्पष्ट सांगायला हवं.

आठचा नियम आधी घेते. माझ्या शाळेत एका तुकडीत पन्नास-पंचावन्न मुलं आहेत. स्पर्धा जाहीर झाली की निवडचाचणी होते. दहा-बारा मुलं अशी असतात की ज्यांच्या घरात पेटी आहे, भजनीमंडळ आहे किंवा क्लासची फी भरायची ऐपत आहे. त्यांतली आठ घेतली जातात. बाकीची मुलं त्या दिवसापासून ‘न गाणारी’ ठरतात. कुणी तसं बोलून दाखवतंच असं नाही, पण मूल ते मनात धरून बसतं. याहून वाईट प्रकारही होतो. गॅदरिंगच्या वेळी एखाद्या मुलाला मागच्या रांगेत उभं करून ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं जातं. माझ्या संध्याकाळच्या वृंदात असं ऐकून घेतलेली माणसं आहेत. एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. सातवीत असताना त्यांना ओठ हलवायला सांगितलं गेलं, त्यानंतर साठी उलटेपर्यंत त्यांनी आरतीतसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. आज ते आमच्या वृंदात खालचा षड्ज, म्हणजे सा, धरतात. पंधरा जणांचा सूर त्यांच्या आवाजावर टेकलेला असतो. त्या माणसाच्या गळ्यात काही कमी नव्हतं. त्यांची पट्टी, म्हणजे गायला सोयीचा मूळ सूर, वेगळी होती, आणि ती ओळखायला शाळेत कुणी नव्हतं.

एकट्याने गाण्यासाठी आपल्याकडे स्पर्धा आहेत, क्लास आहेत, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, शास्त्रीय कलेसाठी दहावीला वाढीव गुणही आहेत. ते सगळं असू दे. पण ज्याला एकट्याने उभं राहून गायला जमत नाही, त्याच्यासाठी शाळेत एकच जागा उरते, ती समूहगानाची. तिथेही निवडक आठच घ्यायचे ठरवले तर उरलेल्या पंचेचाळीस मुलांनी गायचं कुठे?

आता ट्रॅक. माझं सर्वांत मोठं गाऱ्हाणं हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठवी-नववीतल्या मुलांचे आवाज फुटत असतात. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांत मुलाचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडाच, दोन-तीन सुरांनी. मधल्या काही महिन्यांत मुलाच्या हाती जेमतेम पाच-सहा सुरांचा पट्टा उरतो. त्याच्या वर गेला की आवाज चिरकतो, खाली गेला की नुसती हवा येते. बाजारात मिळणारे ट्रॅक मूळ गायिकेच्या पट्टीत असतात, बहुतेक काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) किंवा त्याच्या आसपास. मुलींना ते चालतं. आवाज फुटलेल्या मुलाला तार मध्यम (वरच्या सप्तकातला म) लागत नाही, आणि एक सप्तक खाली गावं तर खर्ज (अगदी खालचे सूर) उतरत नाही. मग तो ओरडतो. मानेच्या शिरा ताणून, हनुवटी वर करून. ही सवय लागली की गळा बसतो, आणि तसंच रेटत राहिलं तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. पेटी हातात असली की मी दोन सूर खाली घेते. त्याने भागलं नाही तर त्या मुलांना गाण्याची दुसरी ओळ देते, नाहीतर नुसता षड्ज-पंचम (सा-प) धरायला देते. ठरलेल्या ट्रॅकवर यातलं काहीच करता येत नाही. तुम्ही म्हणाल, मोबाइलवर पट्टी बदलता येते. येते. पण त्याच गाण्यात मुलींना हवी ती पट्टी आणि मुलांना हवी ती पट्टी एका वेळी देता येत नाही, त्यासाठी गाण्याची मांडणीच वेगळी करावी लागते.

दुसरं असं की ट्रॅक मुलांसाठी थांबत नाही. अंतऱ्याच्या शेवटी श्वास पुरला नाही, कुणी अडखळलं, तर शेजारच्याने त्याला सावरून घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं, हीच तर या कलेतली शिकण्याची गोष्ट आहे. तबल्यावर बसलेलं पोर गाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत ठेका धरतं. गाणारे एकमेकांचे श्वास ऐकतात. ट्रॅक लावला की आठही मुलं स्पीकर ऐकतात, एकमेकांना ऐकणं बंद. गेल्या वर्षी प्रेक्षकांत बसून मी हे पाहिलं. एका शाळेचा ट्रॅक मधेच बंद पडला आणि मुलंही गप्प झाली. गाणं त्यांना पाठ होतं. पण स्पीकर नसताना सूर कुठला आणि लय कुठली, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. मुलांचे चेहरे रडवेले झाले होते. त्या मुलांचा यात काडीचाही दोष नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. तानपुऱ्याचं अ‍ॅप मी रोज वापरते. आमच्या शेजारच्या मिरजेतल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण प्रत्येक शाळेने तानपुरा विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही, तेवढे पैसे कुणाकडे आहेत? अ‍ॅप सूर देतं आणि बाजूला राहतं. पट्टी आपण ठरवतो, लय आपण धरतो. ट्रॅक दोन्ही ठरवून टाकतो.

वादक आणणं महाग पडतं, लहान शाळांवर अन्याय होतो, ट्रॅकमुळे सगळे एका पातळीवर येतात, हे तुमचं म्हणणं मला मान्य होण्यासारखं आहे, निम्मं. बाहेरचे पगारी वादक बंदच करा, मी पहिली टाळी वाजवीन. पण शाळेतली मुलं तबला, ढोलकी, टाळ वाजवत असतील तर त्यांना का अडवता? वारीच्या वाटेवरच्या आमच्या गावांमध्ये पखवाज वाजवणारी सहावीतली मुलं आहेत. त्यांना दारात थांबवून आत स्पीकर लावायचा, याला समानता म्हणता येणार नाही. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी टाळ्यांवर गावं. टाळ्यांवर गायलेलं गाणं कमी दर्जाचं नसतं. परीक्षकांना तसं बजावून सांगा म्हणजे झालं.

वेशभूषेबद्दल थोडक्यात लिहिते. वीस गुण आहेत म्हटल्यावर शाळा फेटे, नऊवारी, दागिने भाड्याने आणतात आणि तो खर्च मुलांकडून वसूल होतो. ज्यांच्याकडून निघत नाही ती मुलं आपणहून नाव काढून घेतात. गुणपत्रकात ‘सुरांचा मेळ’ असा रकानाच नाही. शब्दोच्चार आहे, चाल आहे, वेशभूषा आहे. आठ आवाज एक झाले की नाही, हे मोजायची जागा समूहगानाच्या गुणपत्रकात नसावी?

हे सगळं कुठल्या मातीत चाललं आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्कर इथलेच, कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 साली लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्यांच्या बंद दारामागचं गाणं वर्गात आणलं, कुणालाही शिकता यावं म्हणून. त्यांच्याच परंपरेतले विनयचंद्र मौद्गल्य, ज्यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ‘हिंद देश के निवासी’ हे आपण शाळाशाळांत गातो ते गाणं त्यांचंच. 1941 मध्ये राष्ट्र सेवा दल सुरू झालं, त्याच्या कलापथकांनी गावोगाव माणसांना एकत्र गायला लावलं. मुंबईत संगीतकार सलील चौधरींनी बॉम्बे युथ कॉयर हा गायनवृंद उभा केला. मद्रासला संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी तेच केलं आणि शाळेतल्या मुलांना एकत्र गाण्याची गोडी लावण्यात आयुष्य घातलं. मुंबईचा परांज्योती अकादमी कोरस व्हिक्टर परांज्योतींनी घडवला आणि त्यांच्यामागे कूमी वाडियांनी तो कित्येक वर्षं चालवला. पाश्चात्त्य चार आवाजांच्या रचनांबरोबर भारतीय लोकगीतंही त्या वृंदाने गायली.

गोव्याचं उदाहरण तर हाकेच्या अंतरावर आहे. तिथे चर्चच्या शाळांमध्ये सोळाव्या शतकापासून मुलांना सूर वाचायला शिकवत आले. मांडो हा तिथला कोंकणी गीतप्रकार आजही दोन आवाजांत, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या सुरावटींत, गातात, आणि गाणारे काही सगळे शिकलेले गवई नसतात. दोन आवाज म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘ते पाश्चात्त्य, आपल्या मुलांना नाही जमायचं’ असं उत्तर येतं. पण दुसरा आवाज आपल्यालाही नवा नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी, म्हणजे त्याचे साथीदार गायक, वरचा सूर धरतात. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एका रांगेने चरण म्हणायचा आणि दुसरीने तो उचलायचा. तिथे कुणी निवडचाचणी घेत नाही. ज्याला सूर लागत नाही तो टाळ वाजवतो, टाळ वाजवता वाजवता एक दिवस त्यालाही सूर लागतो.

जमतं की नाही, ते मी वर्गात करून पाहिलेलं आहे, म्हणून ठासून सांगते. भूप रागात पाचच सूर: सा, रे, ग, प, ध. कोमल एकही नाही, शेजारशेजारचे अर्धे सूर नाहीत, त्यामुळे कुठलेही दोन सूर एका वेळी लागले तरी कानाला टोचत नाहीत. केहरवा या आठ मात्रांच्या तालात बसवलेली चार आवर्तनांची साधी सरगम अख्ख्या सातवीला शिकवायची. पक्की झाली की वर्गाचे दोन भाग करायचे. पहिल्या गटाने सुरू करायचं, दुसऱ्याने एक आवर्तन थांबून तीच सरगम उचलायची. पहिल्या खेपेला दुसरा गट हमखास पहिल्याच्या मागे वाहून जातो. मुलं कानांवर हात ठेवतात, हसतात, पुन्हा सुरू करतात. मग कधीतरी दोन्ही ओळी आपापल्या वाटेने चालायला लागतात आणि वर्गात एकदम शांतपणे गाणं सुरू राहतं, कुणी ओरडत नाही, कारण ओरडलं तर दुसरा गट ऐकूच येत नाही. आवाज फुटलेली मुलं मागे षड्ज आणि पंचम धरून उभी असतात. ही मुलं कुठल्या क्लासला जात नाहीत. पन्नास मुलं, एक पेटी, आठवड्याची एक तासिका, एवढ्यावर हे होतं.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांनो, आता तुमच्याशी बोलते. स्पर्धेचे नियम असे का झाले, याचं मूळ शाळेत आहे. गाणं शिकवणारं माणूसच नाही, म्हणून ट्रॅक आला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पटसंख्या असेल तिथे, कला शिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कला म्हणजे चित्रकला एवढाच अर्थ लावला जातो आणि तीही जागा भरलेली असतेच असं नाही. संचमान्यतेत (शाळेला मंजूर झालेल्या शिक्षकपदांत) बसत नाही, हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याच्यावर वाद घालत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमातले आणि अभ्यासाबाहेरचे विषय अशी भिंत ठेवू नका म्हटलं आहे. आपल्या वेळापत्रकात मात्र घटक चाचणी जवळ आली की पहिली जाते ती संगीताची तासिका.

परिपाठाचंच बघा. रोज सकाळी अख्खी शाळा मैदानावर एकत्र गाते. एवढा मोठा गायनवृंद दुसरीकडे कुठे मिळणार? आणि त्याचं आपण काय करतो? कुणीतरी एक मुलगी मनाला येईल त्या सुरात राष्ट्रगीत सुरू करते. सुरुवात उंच झाली की शेवटी येणाऱ्या तीन ‘जय हे’ंपैकी पहिल्याला, जिथे चाल वरच्या षड्जाला जाते, तिथे निम्म्या शाळेचा आवाज फाटतो आणि उरलेली निम्मी गप्प होते. सुरुवातीला पेटीवर एक षड्ज वाजवला, तोही काळी एकच्या आसपासचा, तर 52 सेकंदांचं ते गीत पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना गाता येतं. याला खर्च शून्य. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे 19 फेब्रुवारी 2023 पासून आपलं राज्यगीत झालं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा पहाडी आवाज. अनेक शाळांत ते स्पीकरवर लावलं जातं आणि मुलं हात खाली सोडून नुसती उभी राहतात. शाहिरांच्या पट्टीत मुलांनी गायचं कसं? मुलांच्या पट्टीत, मुलांच्या तोंडून ते येऊ द्या.

आणि शाळेचं सभागृह संध्याकाळी कुलूपबंद असतं, तेही एकदा बोलून टाकते. आमच्या वृंदात बचतगटातल्या बायका आहेत, एक शिंपी आहेत, दोन निवृत्त शिक्षिका, कॉलेजची चार-पाच पोरं. सराव देवळाच्या सभामंडपात होतो. सणासुदीला तिथे जागा नसते, मग आम्ही कुणाच्या तरी अंगणात बसतो. गावाच्या वर्गणीतून बांधलेलं सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडलं तर मोठ्यांच्या मागच्या रांगेत नववी-दहावीची मुलंही उभी राहतील. दहावीनंतर ज्यांचं गाणं सुटतं त्यांना गावातच जागा मिळेल. शाळेचा वृंद आणि गावाचा वृंद हे एकमेकांशेजारी असले तरच दोन्ही टिकतात, असं माझं मत आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. संयोजन समितीने आठची मर्यादा काढावी. चाळीसपर्यंत मुलं येऊ द्यावीत, आणि मंचावर जागा नसेल तर मंचाखाली मैदानात उभं राहून गाऊ द्यावं. ध्वनिमुद्रित ट्रॅक बंद करावा. शाळेतल्याच विद्यार्थ्यांनी वाजवलेली वाद्यं, तानपुरा किंवा त्याचं अ‍ॅप, शिक्षकाची पेटी, नाहीतर नुसत्या टाळ्या, एवढं चालेल असं स्पष्ट लिहावं. वेशभूषेचे वीस गुण काढून ते सुरांच्या मेळाला द्यावेत, शाळेचा गणवेश पुरे. मुलांचे आवाज लक्षात घेऊन पट्टी आणि मांडणी निवडली आहे का, हे परीक्षकांनी पाहावं आणि प्रत्येक शाळेला दोन ओळी लिहून द्याव्यात. क्रमांक तिघांनाच मिळतात, दोन ओळी सगळ्यांच्या उपयोगी पडतील.

मुख्याध्यापकांनी आठवड्याची एक तासिका संगीताला ठेवावी आणि ती परीक्षेच्या आधीही मोडू नये. परिपाठाला सूर देणारं एक माणूस नेमावं, ते शिक्षक असो वा विद्यार्थी. ‘ओठ हलव’ हे वाक्य शाळेत बंद करावं. सभागृहाची चावी आठवड्यातून दोनदा गावाला द्यावी. वीजबिलाची वर्गणी आम्ही काढू.

शिक्षण विभागाकडे मागणं एकच आहे: कायद्यात लिहिलेला कला निदेशक नेमा, त्याला वेळेवर मानधन द्या, आणि नेमताना गाणं हीसुद्धा कला धरा.

यातली एखादी गोष्ट यंदा शक्य नसेल तर तसं कळवा, मी समजून घेईन. पण ट्रॅक आणि आठची मर्यादा हे दोन नियम बदलायला पैसाही लागत नाही आणि वरून आदेशही लागत नाही, समितीची एक बैठक पुरते. प्रवेशिका बंद होण्याआधी सुधारित पत्रक यावं. ज्या शाळांकडे शिकवायला कुणी नाही त्यांच्यासाठी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी यायला तयार आहे, आणि माझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी तयार आहेत. दोन आवाजांत बसवलेली काही सोपी गाणी स्वरलिपीसह मी लिहून ठेवली आहेत. समितीने मागितली तर त्याच्या प्रती सगळ्या शाळांना विनामूल्य मिळतील.

पालकांनाही विनंती आहे. तुमचं मूल निवडीत बसलं असेल किंवा नसेल, शाळेत जाऊन विचारा की बाकीची मुलं कधी गाणार.

आपली नम्र,
एक संगीतशिक्षिका